मुरलेला स्वयंपाक

वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या जेवणाची तयारी एप्रिलात सुरू होते. उन्हं तापली की अंगणात, ओट्यावर, हल्ली सोसायटीच्या गच्चीवरही जुन्या चादरी अंथरल्या जातात आणि त्यांवर मिरच्या पसरतात. काश्मिरी मिरची रंगासाठी, सोबत तिखटाची एखादी. मग धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, जिरं, शहाजिरं, काळी मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, चक्रीफूल. कुठल्या घरात वीस जिन्नस, कुठल्या घरात तीस. गहू आणि चणाडाळही भाजून घालतात, त्यामुळे रश्शाला आपसूक दाटपणा येतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा वेळ निराळा. धण्यांबरोबर खसखस टाकली तर धणे भाजून होईपर्यंत खसखस जळून जाते.

पूर्वी हे सगळं उखळात मुसळानं कुटलं जायचं आणि कुटणाऱ्या बायका घरोघर फिरायच्या. आता ते डंकावर जातं. कुटलेला मसाला तपकिरी रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत दाबून दाबून भरतात. तपकिरी काच उजेड अडवते, म्हणून वर्षभर मिरचीचा रंग उतरत नाही. हाच तो बाटलीचा मसाला. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांची ही वर्षभराची शिदोरी.

डिसेंबरात पाहुणे येतात तेव्हा यजमानीण दोन चमचे मसाला, थोडा कांदा, थोडा नारळाचा रस एवढ्यावर दहा माणसांचं कालवण उतरवते आणि आपणही पंगतीला बसते. पाहणाऱ्याला ते सोपं वाटतं. आणि ते खरंच सोपं असतं, कारण अवघड भाग आठ महिन्यांपूर्वी उन्हात उरकलेला असतो.

सणाच्या सोप्या पदार्थांविषयी आजकाल पुष्कळ लिहिलं जातं. त्यात सोपं म्हणजे झटपट असं गृहीत धरलेलं असतं. वसई-विरारच्या स्वयंपाकघरांत हिंडताना मला वेगळाच हिशेब दिसला. इथले सणाचे मुख्य पदार्थ वेळ खातात, पण तो वेळ माणसाचा नसतो. तो उन्हाचा असतो, शिरक्याचा असतो, रात्रीचा असतो, मंद विस्तवाचा असतो. पदार्थ मुरत असताना माणूस मोकळा राहतो. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसाठी काय रांधावं, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी ही रीत समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

या रीतीची मुळं इतिहासात आहेत. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशेहून जास्त वर्षं किल्ल्यात फिरंग्यांचा अंमल होता. मिरची, बटाटा, रताळं, काजू, पेरू, पपई, अननस हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या गलबतांनी ते या किनाऱ्याला आणलं. त्याआधी इथल्या कालवणाचा तिखटपणा काळ्या मिरीचा आणि आल्याचा होता. आज ज्या लाल रश्शाला आपण अस्सल गावठी म्हणतो, त्यातली मिरची परदेशी आहे. त्याने त्या रश्शाचं गावठीपण कमी होत नाही. पाचशे वर्षं इथल्या मातीत पिकलेलं आणि इथल्या पाट्यावर वाटलेलं वाण इथलंच म्हणायला हवं.

पोर्तुगीजांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे द्राक्षाच्या दारूत आणि लसणात मांस मुरवून टिकवण्याची पद्धत. लांबच्या समुद्रप्रवासात मांस नासू नये म्हणून खलाशांनी ती अवलंबली होती. किनाऱ्यावर द्राक्षं नव्हती, पण ताड आणि माड होते. ताडी-माडी आंबवून शिरका होतोच. मग त्या शिरक्यात मिरची आणि मसाले वाटले गेले. गोव्यात त्याचं विंदालू झालं, वसईकडे इंद्याल.

इंद्याल हा सणाचा किती सोयीचा पदार्थ आहे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. किलोभर डुकराचं मांस घ्यावं, चरबी थोडी असू द्यावी. पंधरा-वीस काश्मिरी मिरच्या, चमचाभर जिरं, दहा-बारा मिरे, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, अर्धा चमचा हळद, लसणाचे दोन गड्डे आणि इंचभर आलं हे सगळं अर्धी वाटी शिरक्यात भिजवून शिरक्यातच वाटायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वाटण आणि मीठ मांसाला चोळून रात्रभर ठेवायचं, तेही काचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. ॲल्युमिनियमला किंवा कल्हई नसलेल्या पितळेला आंबट लागलं की चव बिघडते. दुसऱ्या दिवशी थोड्या तेलात मंद आचेवर झाकून तासभर ते दीड तास. मांसाचं पाणी सुटतं, चरबी वितळते, त्यातच ते शिजतं. शेवटी चिमूटभर साखर. बस. सहा-सात माणसांना पुरतं.

त्यातली खरी सोय पुढे आहे. इंद्याल केल्या दिवशी बरं लागतं, दुसऱ्या दिवशी चांगलं आणि तिसऱ्या दिवशी सर्वांत चांगलं. शिरक्यातलं आम्ल जंतूंना सहजी वाढू देत नाही, वर आलेल्या चरबीचा थर हवा अडवतो आणि मधल्या काळात मसाला मांसात उतरत राहतो. फ्रिज नव्हते तेव्हा रोज एकदा उकळी देऊन ते चार-पाच दिवस टिकवत. आता फ्रिजात ठेवावं आणि लागेल तेवढंच काढून नीट गरम करावं. म्हणजे 25 डिसेंबरच्या जेवणाचा मुख्य पदार्थ 23 तारखेला रात्री तयार असतो. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये मिस्सा, सकाळी पुन्हा भेटीगाठी, दारात गोठा सजवलेला आणि चुलीवर काहीच अडलेलं नाही. सोरपोतेलचं गणितही हेच. काळीज वगैरे बारीक चिरून शिरक्यात शिजवलेला तो पदार्थ तर ताजा कुणी वाढतच नाही.

सोबतीला फुगे. मैदा, अंडी, नारळाचा रस, मीठ, किंचित साखर. आंबवायला पूर्वी ताडी असायची, आता यीस्ट. पीठ सैलसर भिजवून काही तास ठेवायचं, मग मुठीतून पिळून गोळा कढईत सोडायचा. तो फुगून स्वतःच उलटतो. लग्नाच्या घरी फुगे काढायला बायका रांगेनं बसतात. घरच्या जेवणाला मात्र एक माणूस आणि एक कढई पुरते. ज्यांना तळण नको त्यांनी तांदळाची भाकरी करावी. इंद्यालला भाकरीही तितकीच चालते, माझ्या मते जास्त चालते.

डुकराचं मांस ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी हाच मसाला कोंबडीला लावावा, फक्त मुरवण्याचा वेळ तीन-चार तासांवर आणावा आणि शिजवण्याचा अर्ध्या तासावर. मासे खाणाऱ्यांसाठी मोईल आहे. कांदा, आलं-लसूण, चिरलेल्या हिरव्या मिरच्या तेलात परतायच्या, हळद घालायची, नारळाचा पातळ रस घालून उकळी आली की पापलेटच्या किंवा सुरमईच्या तुकड्या सोडायच्या. पाच-सात मिनिटांनी घट्ट रस आणि चमचाभर शिरका. घट्ट रस घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर तो फुटतो. वीस मिनिटांत होणारं पिवळंधमक, सौम्य कालवण, लहान मुलांनाही देता येणारं. या लेखातला झटपट म्हणता येईल असा पदार्थ हाच.

एका घरात हे सगळं चालू असताना शेजारच्या वाडीत दुसरंच काही शिजत असतं, हे वसईचं वैशिष्ट्य. पश्चिमेच्या पट्ट्यात, म्हणजे गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गिरीज, सांडोर, पापडी या गावांत, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, मुसलमान शतकानुशतकं एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहिले. धर्म बदलले, पण केळीच्या बागा, पानवेली, विहिरींवरचे रहाट आणि पायली-शेराची मापं सगळ्यांची एकच होती. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत सुकेळी घ्यायला सगळेच जातात. पिकलेल्या राजेळी केळ्यांची सालं काढून ती उन्हात सुकवायची आणि केळीच्या वाळलेल्या पानात घट्ट बांधायची, ही सुकेळ्याची कृती. इथेही काम उन्हाचंच.

वाडवळांची उकडहंडी हा या भागातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठ्या मानाचा शाकाहारी पदार्थ आहे आणि तो जितका प्रसिद्ध व्हायला हवा होता तितका झालेला नाही. सुरतेच्या उंधियूचं नाव देशभर पोहोचलं. सुरतेच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर, पालघर-केळवे-माहीमपासून वसईपर्यंत घरोघर होणारी उकडहंडी मात्र वाड्यांबाहेर फारशी पडली नाही.

थंडी पडली आणि शेंगा भरल्या की तिचे दिवस येतात. दिवाळीला कंद नुकते निघू लागलेले असतात, वालपापडी कोवळी असते. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत हंडीला खरा रंग चढतो. जांभळं कोनफळ, रताळी, सुरण, छोटी बटाटी, छोटी वांगी, कच्ची केळी, वालपापडी, तुरीच्या शेंगा, शेवग्याच्या शेंगा. मसाला हिरवा असतो. ओलं खोबरं, भरपूर कोथिंबीर, पातीचा लसूण, आलं, हिरव्या मिरच्या, ओवा, मीठ. वांग्याला, बटाट्याला आणि केळ्याला चिरा देऊन हे वाटण भरायचं, उरलेलं बाकीच्या भाज्यांना चोळायचं.

मग रचना. तळाला केळीचं पान, त्यावर सढळ हाताने तेल. शिजायला जड ते खाली, म्हणजे कोनफळ, सुरण, रताळी. त्यावर बटाटी आणि केळी, त्यावर वांगी, सगळ्यात वर शेंगा. पुन्हा केळीचं पान, घट्ट झाकण. पाणी नाही. मातीच्या मडक्यात, शेतावरच्या विस्तवावर केलेल्या हंडीला जो धुरकट वास येतो तो गॅसवर येणार नाही हे मान्य करून टाकावं. पण जाड बुडाच्या पातेल्यात अगदी बारीक गॅसवर, खाली तवा ठेवून, पाऊण तास ते तासभरात उत्तम हंडी होते. प्रेशर कुकर वापरायचा तर शिट्टी काढून ठेवावी. शिट्टीच्या दाबाखाली शेंगांचा लगदा होतो. मधे ढवळायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. भाज्यांचं पाणी वाफ होऊन वर जातं, पानाला लागून खाली येतं आणि तेवढ्यावर सगळं शिजतं.

दोन किलो भाजीची हंडी आठ माणसांचं पोट भरते. सोबत भाकरी, ताक आणि कच्चा कांदा पुरे. एकत्र कुटुंबात हंडी लावणं हा सगळ्यांचा कार्यक्रम असायचा. मुलं शेंगा सोलत, पुरुष जाळ लावत, बायका वाटण करत. झाकण लागलं की सगळेच मोकळे, गप्पा मारायला बसलेले. मोठ्या गोतावळ्यासाठी याहून सोयीचा पदार्थ मला माहीत नाही.

सामिष खाणाऱ्या गोतावळ्यासाठी आगाशीचं भुजिंग आहे. ते खायला आता दूरवरून लोक येतात. कोंबडीचे लहान तुकडे निखाऱ्यावर भाजायचे आणि मग पोहे, बटाटे, कांदा आणि तिखट मसाल्यात परतायचे. गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकापासून आगाशीतलं एक कुटुंब ते विकत आलं आणि त्याची कीर्ती झाली. घरी करायला ते अवघड नाही. आलं, लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून कोंबडी सकाळी ठेवून द्यायची. संध्याकाळी गच्चीत शेगडी पेटवून किंवा जाड तव्यावर तुकडे खमंग भाजायचे. मोठ्या कढईत कांदा आणि बटाट्याच्या काचऱ्या परतून त्यात कोंबडी, धुऊन निथळलेले पोहे, थोडा मसाला घालून एक वाफ आणायची. पोहे भाजलेल्या कोंबडीचा सगळा रस पिऊन घेतात. भाऊबीजेच्या रात्री, जिथे सामिष चालतं तिथे, बहिणीला पुरणात न अडकवता भावांनीच शेगडीपाशी बसावं. हा पदार्थ त्यासाठीच आहे असं मला वाटतं.

अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत सणाचं पान समुद्रावर ठरतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी वालांडींवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, सुकवलेले बोंबील, जवळा आणि इतर खारं आधीच डब्यात गेलेलं असतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जातात, त्यामुळे गणपतीपासून नाताळापर्यंत बाजारात ताजी मासळी असते. सणाला सोपं काय, तर कोलंबीचा भात. वाडा कोलम तांदूळ, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो या पालघर जिल्ह्याचाच. बारीक, नाजूक, पटकन शिजणारा. कोलंबीची डोकी आणि सालं टाकून न देता पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गाळायची आणि त्या पाण्यात भात शिजवायचा. सगळी चव तिथे आहे. कोलंबी मात्र कांदा-मसाल्यात वेगळी दोन-तीन मिनिटं परतून, भात होत आल्यावर वरून घालायची. सुरुवातीपासून भातात शिजवलेली कोलंबी रबरासारखी होते आणि महागाची मासळी वाया जाते.

आता थोडं अप्रिय पण खरं. मुरवणं, वाळवणं, कुटणं यात माणसाचा वेळ कमी जातो असं मी वर म्हटलं, तरी जो जातो तो जवळजवळ सगळा बायकांचा जातो. एप्रिलच्या उन्हात मिरच्या उलटायला बाईच जाते. मिरच्यांची देठं काढताना हात जळतात ते तिचेच. वसईची बाई तर बाहेरही राबत आली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल धावली आणि पुढे या पट्ट्यातली भाजी, केळी, फुलं, विड्याची पानं रेल्वेने मुंबईला जाऊ लागली. पहाटेच्या गाडीत टोपल्या चढवणाऱ्यांत बायका होत्या, आणि परत येऊन चूल त्यांनीच पेटवली. आज त्यांच्या लेकी-सुना चर्चगेटच्या कचेऱ्यांतून रात्री आठच्या गर्दीत लटकत घरी येतात. त्यांनी घरी कुटलेल्या मसाल्याऐवजी एखाद्या बचत गटाचा किंवा ओळखीच्या मावशींकडचा तयार मसाला घेतला तर त्यात कमीपणा नाही. मसाला विकणाऱ्या बाईला त्यातून पैसा मिळतो, जो स्वतःच्या घरचा मसाला कुटण्यातून तिच्या आईला कधी मिळाला नाही. उलट मला तर ही परंपरेची चांगली वाढ वाटते.

आणि हाच स्वयंपाक नोकरी करणाऱ्या घराला सर्वांत जास्त जुळतो. रविवारी रात्री वाटण लावून ठेवलं, सोमवारी रात्री शिजवलं, तर आठवड्याच्या मध्यापर्यंत तेच वाढता येतं. विरार पूर्वेच्या दोन खोल्यांच्या घरात, एका शेगडीवर, हे जमतं. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिथे 12 लाखांवर माणसं मोजली गेली. त्यांतली पुष्कळ कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेतून आलेली. नालासोपाऱ्यातल्या इमारतीच्या एकाच मजल्यावर मालवणी, खानदेशी आणि भोजपुरी फोडण्यांचे वास येतात. त्या घरांनाही इथल्या मातीतला हा स्वयंपाक आपलासा करता येईल, फक्त तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा.

पोहोचण्याआधी टिकायला हवा. उकडहंडीतलं कोनफळ पानवेलीच्या आणि केळीच्या वाडीत, गोड्या विहिरीच्या पाण्यावर होतं. गेल्या चाळीस वर्षांत वाड्या विकल्या गेल्या, विहिरींतून टँकरने पाणी उपसलं गेलं. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकातून लिहीत राहिले, हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले, पुढे उस्मानाबादच्या 93 व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये गेले. त्यांचा लढा झाडांसाठी आणि पाण्यासाठी होता असं आपण म्हणतो. तो या हंडीसाठीही होता. मातीतून कंद निघायचे थांबले तर कृती वहीत राहील आणि हंडीत बाजारातला कुठलातरी बटाटा जाईल.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या आहेत. पहिली, या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा आणि तिचा एक पदार्थ लिहून घ्या. ती "अंदाजानं घाल" म्हणेल. तेव्हा तिच्या मुठीतलं मीठ वाटीत ओतून मोजा, तिच्या हातातल्या मिरच्या मोजा, किती वेळ झाकण ठेवलं ते घड्याळात बघा. हे काम घरातल्या मुलग्यांनी करावं आणि पुढच्या वेळी तो पदार्थही त्यांनीच रांधावा.

दुसरी विनंती बाजाराची. डिसेंबरात वसईत असाल तर स्टेशनबाहेर किंवा होळी नावाच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून कोनफळ घ्या. ती स्वतःच्या वाडीतलं विकते आहे का ते विचारा आणि तसं असेल तर भाव करू नका. तिच्याकडून हंडीचा मसालाही विचारून घ्या, ती सांगते.